टाकीतला राब

टाकीतले तीन मासे पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून हवा गिळत होते. चौथा सुरेखाच्या हातातल्या वाटीत मेलेला होता. मागच्या भेटीत हेच मासे माझे बोट दिसताच खाण्यासाठी काचेकडे धावले होते. मी दारातच थबकले.

मी शहापूर आणि मुरबाड भागात घरगुती ॲक्वेरियमच्या देखभालीचे काम करते. त्याआधी एका शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. तपासल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, ही सवय तिथली. सापगावच्या या घरातली टाकी मीच लावली होती. सुरेखाचे सासरे बाळारामबाबा शेतात पाय घसरून पडले, तेव्हापासून काठीशिवाय चालू शकत नव्हते. आयुष्यभर भात पिकवलेला माणूस दिवसभर भिंतीकडे पाहत बसतो, हे तिला बघवेना. तिने हट्टाने टाकी आणली आणि बाबांनी आपली खुर्ची टाकीसमोर मांडली. सर्वांत जाड, केशरी माशाला ते ‘सरपंच’ म्हणत, कारण खाणे पडले की तो बाकीच्यांना बाजूला सारून आधी स्वतःचे उरकी.

आता सरपंचही वर आला होता, पण खाण्यासाठी नव्हे.

बाबांचा मुलगा दिनेश एरवी पहाटेच आसनगाव स्टेशन गाठतो. त्या दिवशी तो घरी थांबला होता आणि त्याने मला बसूही दिले नाही.

“मॅडम, तुमी टाकलेली खडीच खराब असंल. नायतर धडधाकट मासे असे का मरतील?”

त्याचा संशय अगदीच निराधार नव्हता. टाकीच्या तळाशी जे अंथरतात त्याला आमच्या कामात सबस्ट्रेट म्हणतात. तो चुकीचा निवडला तर मासे खरोखर मरतात. रंगीत दगडांचा रंग पाण्यात उतरतो. धारदार कपचीने माशांची तोंडे सोलतात. संगमरवराचे तुकडे आणि शिंपले हळूहळू पाण्यात विरघळतात आणि पाणी क्षारयुक्त होते. बारीक रेती घट्ट बसते, तिच्यातून पाणी खेळत नाही. मोठ्या गोट्यांच्या फटींत अन्न अडकून कुजते. म्हणून मी ज्वारीच्या दाण्याहून मोठे आणि हरभऱ्याहून लहान असे गुळगुळीत नदीचे गोटे वापरते. त्यांवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहते. फेस आला तर त्या दगडात चुना आहे असे समजावे आणि तो बाद करावा. या टाकीचे गोटे मी असेच पारखून, पाणी नितळ येईपर्यंत धुऊन घातले होते. तरीही मी दिनेशला म्हटले, की आधी पाणी तपासू.

माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. टाकी व्यवस्थित चालत असेल तर तपासणीच्या नळीतले पाणी पिवळे राहते. माझ्या नळीतले पाणी गर्द हिरवे झाले. माझा विश्वास बसेना. दुसरी नळी घेतली, तीही तशीच झाली. पाण्यातला क्षारही फार वाढलेला निघाला, आणि अशा पाण्यात अमोनिया माशांना अधिक जाळतो.

खाणे जास्त पडले का, फिल्टर बंद राहिला का, साबणाचा हात पाण्यात गेला का, असे मी एकेक विचारत गेले. सुरेखा आणि दिनेश दोघेही नाही म्हणाले. बाबा काठीच्या टोकाने फरशीवर रेघा ओढत राहिले.

विहिरीचे पाणी भरलेले पिंप घरात होते. त्यातले पाणी टबात घेऊन मासे आधी तिकडे हलवले आणि मग सायफन लावला. सायफन म्हणजे एक जाड नळी. ती गोट्यांत खुपसली की खालची घाण पाण्याबरोबर बादलीत येते. मागच्या कोपऱ्यात ती खुपसताच बादलीत काळे पाणी कोसळले. पाठोपाठ सडक्या अंड्यासारखा वास आला. त्या पाण्यात राख होती, अर्धवट जळालेली पाने होती, शेणाचे तुकडे होते.

टाक्यांच्या तळाशी मी शंख पाहिले आहेत, काचेच्या गोट्या पाहिल्या आहेत, एकदा तर प्लास्टिकची फुलेही पाहिली. हे मात्र कधी पाहिले नव्हते. हाताने गोटे बाजूला केले. खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या मातीचा सपाट थर पसरलेला होता. पुढच्या काचेलगतचे गोटे जसेच्या तसे ठेवल्यामुळे बाहेरून काहीच दिसत नव्हते. टाकी मी स्वतः लावली होती, तरी मलाही कळले नव्हते.

“कुणी केलं हे?” दिनेशने विचारले.

“मी,” बाबा म्हणाले. “राबातली माती हाय ती.”

भाताची रोपे जिथे तयार करायची असतात, त्या तुकड्यावर शेण आणि पालापाचोळा पसरून भाजतात. त्याला राब म्हणतात. घरामागचा राब नुकताच भाजून झाला होता. मी टाकीत लावलेली वनस्पती लांब, अरुंद पात्यांची होती, थेट भाताच्या रोपासारखी. तिची पाती पिवळी पडलेली बाबांनी पाहिली आणि आयुष्यभर जे केले तेच पुन्हा केले. दुपारी घरात कोणी नसताना, मूठमूठ माती आणून, गोटे उचलून, खाली पसरून.

“रोपाला राब लागतो,” ते म्हणाले. “मला वाटलं, रोपं हिरवी झाली का मासंबी सुखात राहतील.”

खरे तर त्या रोपांना काहीच झाले नव्हते. नव्या जागी लावल्यावर त्यांची जुनी पाने पिवळी पडून झडतात आणि नवी फुटतात. हे मी सुरेखाला सांगितले होते. बाबांना सांगावे असे आम्हा दोघींच्याही मनात आले नव्हते.

दिनेशने जाहीर केले, की टाकी आजच कुणाला तरी देऊन टाकायची. सुरेखा काही बोलणार, तोच बाबा म्हणाले, “दे. मीच मारलं त्यांना.” मग काठीचा आधार घेत ते उठले, खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि तिच्यात बसले. सुरेखाने तोंडाला पदर लावला.

मी बाबांच्या शेजारी जमिनीवर बसले. राब भाजल्यावर लगेच पेरता का, असे विचारले.

“नाय. पाऊस पडाया पायजे. राख मुरते, जास्तीचं वाहून जातं. मंग पेरायचं.”

“शेतातले पाणी बांधावरून पुढे जाते. टाकीतले कुठे जाते?”

त्यांनी हळूच वळून रिकाम्या टाकीकडे पाहिले. “कुठंच नाय. तिथंच ऱ्हातं.”

दिनेशने मला बाहेर ओट्यावर बोलावले. पुन्हा असेच झाले तर काय, असे त्याने विचारले. मी म्हटले, “आता त्यांना कारण समजले आहे. टाकी देऊन टाकलीत, तर त्यांच्या लक्षात एवढेच राहील की मासे त्यांनी मारले.”

दिनेशने आत जाऊन टाकीचे मागचे टोक धरले आणि म्हणाला, “बाबा, खुर्ची सारा जरा. टाकी धुवायला बाहेर न्यायचीय.”

काळी माती सगळी काढली. गोटे ओट्यावर पसरले. सुरेखा पाणी ओतत होती आणि बाबा तांदूळ निवडावेत तसे त्यांतून जळकी पाने वेचत होते. पाणी नितळ आल्याशिवाय त्यांनी एकही गोटा आत जाऊ दिला नाही. या वेळी मी थर बोटाच्या जाडीएवढाच ठेवला, म्हणजे सायफन थेट काचेपर्यंत पोहोचतो आणि तळाशी काही दडून राहत नाही. रोपे गोट्यांनी भरलेल्या भाजक्या मातीच्या लहान कुंड्यांत लावली.

सरपंच दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. उरलेले दोघे जगले.

पुढच्या भेटीत पाणी तपासले, तेव्हा बाबांनी नळी माझ्या हातातून घेऊन खिडकीच्या उजेडात धरली. पाणी पिवळे होते. हे चांगले, असे मी सांगितले.

“रोप पिवळं झालं तर वाईट नि नळी पिवळी झाली तर चांगली,” ते म्हणाले. “तुमचं शास्त्र उलटंच हाय, मॅडम.”

गोटे कसे निवडावेत आणि कसे धुवावेत, हे मी आजही प्रत्येक घरात पूर्वीसारखेच सांगते. फक्त त्याआधी एक प्रश्न विचारते: घरात राब कोण भाजते? ती व्यक्ती समोर येऊन बसल्याशिवाय मी गोट्यांची पिशवी उघडत नाही.