मोहने ते मुंबई, व्हाया आत्याचा नळ

कल्याणजवळच्या मोहन्याहून दक्षिण मुंबईला टेम्पोने जायचा विचार असेल तर माझं ऐका, जाऊ नका. आम्ही गेलेलो. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे, देशातली व्यावसायिक फुटबॉल लीग नुकतीच सुरू झाली होती त्या हिवाळ्यातली. एवढा फसलेला प्रवास मी पुन्हा केला नाही, आणि एवढा जपूनही दुसरा कुठला ठेवला नाही.

माझा धाकटा भाऊ प्रदीप, घरचा पद्या, त्या लीगमध्ये मुंबईच्या एका संघाचा दुसरा गोलकीपर होता. दुसरा म्हणजे पहिला जायबंदी झाला किंवा पंचांनी हाकलला तरच आत जाणारा. पहिला होता गोव्याचा फ्रान्सिस, आणि त्याला साधी सर्दीसुद्धा होत नसे. त्यामुळे पद्याचा अख्खा सीझन बाकावर गेला.

पण मॅचआधी पाऊण तास वॉर्मअप असायचा. तेव्हा पद्याही खऱ्या जाळीपुढे उभा राहायचा आणि संघातली मुलं त्याच्यावर शॉट मारायची. आईने पहिल्याच दिवशी हे हेरलं. मग मुंबईतल्या प्रत्येक मॅचला ती सर्वांच्या आधी जाऊन बसायला लागली. पद्याने बॉल धरला की स्वतःशीच म्हणायची, "घेतला." खरी मॅच सुरू झाली की पिशवीतून मटार काढून सोलत बसायची. बॉल कुठे चाललाय याच्याशी तिला काही देणंघेणं नसे.

शेवटच्या मॅचची गोष्ट वेगळी होती. पद्याचा करार संपत होता आणि पुढच्या वर्षी घेणार नाहीत हे त्याला कळलं होतं. सोमवारपासून तो कारखान्यात कामाला लागणार होता. म्हणजे त्याला जाळीपुढे बघायची आईची ही शेवटची वेळ. तिचे गुडघे धरले होते, म्हणून शेजारच्या रमेशदादांचा टेम्पो ठरला. डिझेल आमचं आणि जेवणही आमचं. वाटेत दिवा गावात राहणाऱ्या आत्यालाही घ्यायचं होतं.

मी लग्नानंतर डोंबिवलीची, म्हणून मानपाडा नाक्यावर अकराला चढले. मागे सतरंजी टाकून आई बसलेली, शेजारी भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि उकडलेली अंडी. वॉर्मअप पावणेतीनला होता. मी वेळेच्या बाबतीत जरा खडूस आहे, तरी माझ्या हिशेबाने सुद्धा तासभर हाताशी होता. शीळफाट्यावरून आत वळून बाराला आम्ही दिव्यात पोचलो.

आत्या दारात तयार उभी होती. नवी साडी, डोक्यात अबोलीचा गजरा. ती टेम्पोत पाय टाकणार, एवढ्यात चाळीत एकच ओरडा झाला. चार दिवसांनी नळाला पाणी आलं होतं.

आत्याने पाय मागे घेतला. "वहिनी, तुम्ही व्हा पुढं. मी काय येत नाय आता."

मी म्हटलं, "आई, निघू या. उशीर होईल."

आई माझ्याकडे बघतच राहिली. "पाणी टाकून कुणी जातं का गं? चार दिवसांनी आलंय. धर हंडा."

तिनेच ठरवल्यावर बोलणार कोण? रमेशदादांनी सुद्धा बाह्या वर केल्या. धार करंगळीएवढी, पुढे सात घरांची रांग. दोन पिंपं आणि नऊ हंडे भरेपर्यंत दीड वाजला. आत्याच्या नव्या साडीचा पार बोळा झाला होता. तरी ती खुशीत गाडीत चढली.

शीळफाट्याला परत आलो तर मुंब्र्याच्या रस्त्यावर ट्रेलर आडवा. आमच्या पुढे मागे नुसते ट्रक. सगळ्यांनी भाकऱ्या खाल्ल्या, आई सोडून. पावणेतीन वाजले तेव्हा तिने मला वेळ विचारली. मी सांगितली. मला आत्याचा राग आला होता, नळाचा आला होता, सगळ्यात जास्त स्वतःचा. हंडे खाली ठेवून आईला ओढून न्यायला हवं होतं.

मैदानात शिरलो तेव्हा शेवटची पंधरा मिनिटं उरली होती. पद्या बाकावर. बरोबरीत सामना सुटला. फ्रान्सिस पडला नाही की लंगडला नाही. आईने पिशवीतले मटार काढलेच नाहीत.

शिट्टी झाल्यावर पद्या कुंपणापाशी आला. "आई, उशीर झाला?"

"वन्संकडे पाणी आलं रे."

"मग, भरलं सगळं?"

"भरलं." एवढं बोलून आईने पदर डोळ्याला लावला.

फ्रान्सिस मागे उभा होता. त्याने विचारलं, "क्या हुआ?" पद्याने दोन वाक्यांत सांगितलं. फ्रान्सिसने आईकडे पाहिलं, मग पलीकडे जाळी सोडत असलेल्या माळ्याला हाक मारली, "चाचा, दस मिनट रुको." त्याने पाच-सहा बॉल गोळा केले, आणखी दोघांना थांबवलं आणि स्वतः शॉट मारायला उभा राहिला.

स्टँड रिकामा झाला होता. शेंगदाणेवाला तेवढा टोपली डोक्यावर घेता घेता थांबला. पद्या उजवीकडे झेपावला, डावीकडे झेपावला, एकदा तर तोंडावर आपटला. आई गुडघे विसरून कुंपणाला धरून उभी. "घेतला," ती म्हणत होती, "हा पण घेतला." आत्याही तिच्या सुरात म्हणायला लागली. सुटलेले दोन बॉल त्या दोघींनी मोजलेच नाहीत.

परत येताना रस्ता मोकळा मिळाला. आईने कल्याणपर्यंत मटार सोलले. सोमवारी पद्या कारखान्यात लागला, आता निवृत्तही झालाय. फुटबॉलचा विषय निघाला की तो हसत सांगतो, "अख्ख्या सीझनमध्ये एक गोल खाल्ला नाय मी."

आई मात्र जाईपर्यंत प्रत्येकाला सांगायची की माझा मुलगा देशाच्या लीगमध्ये खेळला. पद्या लाजायचा, मध्येच तोडायचा, "आई, खेळलो नाय गं मी, बसून होतो."

आई म्हणायची, "तू गप. मी बघितलंय."