युद्धाविरुद्धच्या गाण्याला बाबांचा तबला

माझे बाबा जबलपूरच्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात नोकरीला होते आणि संध्याकाळी तबला वाजवायचे. एका वर्षी टीव्हीवर रोज युद्धाच्या बातम्या चालू होत्या, तेव्हा मी युद्धाविरुद्ध एक गाणं रचलं. आमच्या दीक्षितपुरा वस्तीतल्या गणेशोत्सवात ते म्हणायचं ठरलं. कार्यक्रमाआधी मंडळाचे एक काका म्हणाले, "बेटा, समोर सगळे कारखान्यातले लोक बसलेत. आज भजनच म्हण ना."

बाबा हातोडीने तबला सुरात लावत होते. मान वर न करता ते म्हणाले, "तिचं गाणं बसवून झालंय. तेच होईल."

गाणं संपलं तेव्हा टाळ्या थोड्याच पडल्या. बाबांचे एक सहकारी मंचाजवळ आले. "काहून रे, आपण गोळे बनवून राहिलो, अन् तू असं गाणं वाजवून राहिला?"

"गोळे मी नीटच बनवतो," बाबा म्हणाले. "ते कोणाच्या घरावर पडू नयेत, असं मला वाटलं तर काय बिघडलं?"

त्या सहकाऱ्यांना ते पटलं नसावं, पण घरी जाताना बाबांचा डग्गा त्यांनीच उचलून घेतला. पुढच्या वर्षी मंडळाने मला भजनच म्हणायला सांगितलं. बाबा मात्र अजूनही घरी मला ते गाणं म्हणायला लावतात आणि मी एखादा शब्द विसरले की हळूच सांगतात.