कोऱ्या चहाची चव

निवृत्तीनंतर काही नवीन शिकावं म्हणून मी बायकोला, सुलभाला, घेऊन चहाची चव ओळखायला शिकवणाऱ्या वर्गाला गेलो. पांढऱ्या वाट्यांत पाच तऱ्हेचे कोरे चहा होते, शेजारी पेढा आणि नारळाची वडी. घोट तोंडात घोळवायचा, मिठाईचा तुकडा खायचा, पुन्हा घोट घ्यायचा. दार्जिलिंगबरोबर वडीच हवी, असं मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.

शिकवणाऱ्या बाईंनी सुलभाला विचारलं, "काकू, तुम्हाला कुठला आवडला?"

"खरं सांगू? मला चहाच आवडत नाही. कधीच आवडला नाही."

सगळे हसले. मीही हसलो. बत्तीस वर्षं आम्ही रोज समोरासमोर बसून चहा प्यायलो होतो. त्या अर्ध्या तासालाच मी आमचा संसार समजत होतो.

रिक्षात मी म्हणालो, "कधी बोलली नाहीस!"

"तुम्हाला एकट्यानं प्यायला आवडत नाही ना."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तिनं दोन कप भरून आणले. आता मला सगळं माहीत होतं. "तू नको पिऊस" एवढं मी तिला म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी माझा कप उचलला. ती समोर बसून प्यायली, आणि मला बरं वाटलं.