सेल्वम अण्णांच्या मोटरची दोरी

मंडळी, आज हातून एक चूक झाली. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

मी अंबत्तूरच्या कारखान्यात फिटर. मरिना किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या सेल्वम अण्णांशी माझी जुनी ओळख; ते मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ म्हणतात. त्यांच्या बोटीच्या मोटरचं कव्हर सैल झालेलं, ते घट्ट धरणारे दोन्ही लॅच तुटलेले. कव्हर जाळ्याच्या हिरव्या दोरीने बांधलेलं असायचं.

आज मी नवे स्टीलचे लॅच घेऊन गेलो. अण्णा पलीकडे जाळं आवरत होते, तेवढ्यात दोरी ब्लेडने गाठीवरच कापली आणि जुन्याच भोकांत लॅच बसवले. कव्हर जरासुद्धा हलेना. मी भलताच खूश!

अण्णा आले आणि वाळूतले दोरीचे तुकडे वेचायला लागले.

"तंबी, ही गाठ मुरुगनची होती."

मुरुगन त्यांचा मुलगा. गेल्या वर्षी काविळीने गेला. तेव्हापासून अण्णा दोरी नुसती सरकवून कव्हर काढायचे, गाठ कधीच सोडली नव्हती, हे मला आत्ता उमगलं.

"पुन्हा बांधा ना," मी मूर्खासारखं बोलून गेलो.

"तो डावखुरा होता. त्याची गाठ उलटी पडायची. मला नाही जमत." जन्मभर जाळी विणणारा माणूस हे म्हणत होता.

मग तुकडे खिशात ठेवून त्यांनीच माझी पाठ थोपटली. "कव्हर छान बसलंय, तंबी."

ते रागावले असते तर बरं झालं असतं, नाही का?