डावं वळण

गारेनताई माझी मामेबहीण. तिचा नवरा गावच्या शाळेत मास्तर. रेनडिअरच्या ओल्या कातड्याचा वास आला की तो खिडक्या उघडतो. ताई मात्र कळपातच वाढली, आणि लग्नानंतरही कानावर स्वतःची खूण कापलेली जनावरं तिने सोडली नाहीत. मामाचे गुडघे गेले त्या वसंतात कळपापुढे कोण जाणार हा प्रश्न आला. मामा एवढंच म्हणाला, "मुझेत ज्याच्या मागे जाईल त्याने जावं." मुझेत म्हणजे आमचा म्होरक्या, काळाभोर, शांत नर. तो ताईच्या मागे गेला.

ताईचा दीर आस्लाक याला ती जागा हवी होती. तो हसून म्हणाला, "वहिनी, पुढे जा. पण वळून बघत जा, कळप येतोय ना मागे!"

गाभण माद्या घेऊन आम्ही किनाऱ्याकडच्या कुरणांकडे निघालो. ताई पुढे स्नोमोबाइलवर, मागे दोराने बांधलेला मुझेत, त्याच्यामागे कळप. आस्लाक एका बाजूने, मी शेपटाशी. गोठलेल्या मोठ्या तळ्याच्या काठाशी पोचलो आणि ताईच्या गाडीच्या सायलेन्सरमधून बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. मुझेतने दोर तोडला. लगेच दुसरा बार. सगळा कळप फुटला आणि बर्चच्या झाडीत पांगला.

जनावरं गोळा करता करता दिवस गेला. पश्चिमेकडून उबदार वारा सुटला होता आणि काठाजवळच्या बर्फावर पाणी दिसायला लागलं होतं. तळं आता ओलांडलं नाही तर लांबचा वळसा पडणार, आणि पिल्लं वाटेत उघड्या माळावर जन्मणार.

"वहिनी, तुमची ही बंदूक-गाडी इथेच ठेवा," आस्लाक म्हणाला. "माझी गाडी घ्या."

"आणि तुमची बाजू कोण सांभाळणार? तुम्ही पळणार कळपाबरोबर?"

"मग मी जातो पुढे."

"मुझेत येईल तुमच्या मागे?"

ताईने अंगातला जाड कोट काढला आणि गाडीपाशी गुडघे टेकले.

स्पार्क प्लग काढले. कोरडे आणि तपकिरी, असावेत तसे. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत घेऊन उतरत्या उन्हात धरलं. तळाशी पाण्याचा थेंब नाही. कार्बोरेटर उघडून फुंकून साफ केला. मग कळपापासून लांब, टेकडीपलीकडे, ती गाडी फिरवून आली. आम्ही कान देऊन होतो. धाड! जरा वेळाने पुन्हा धाड!

"म्हातारी झालीय गाडी," आस्लाक म्हणाला.

"म्हातारी झाली की कुरकुर करते, भावजी. बार नाही उडवत."

ती चालत टेकडीपलीकडे गेली. मीही गेलो. गाडीच्या माळेसारख्या खुणा पांढऱ्या बर्फावर आठाच्या आकारात उमटल्या होत्या, आणि मधे मधे काजळीचे काळे डाग पडले होते. ताई एकेका डागापाशी थांबली.

"बघ रे," ती म्हणाली. "सरळ वाटेवर एकही नाही. उजव्या वळणावरही नाही."

सगळे डाग डाव्या वळणावर होते.

आम्ही धावतच परत आलो. गाडी उभ्या उभ्या सुरू करून तिने हँडल हळूहळू डावीकडे वळवलं. इंजिनाला ठसका लागला. सरळ केलं, ठसका थांबला. तिने हँडलखालचं झाकण काढलं आणि वायरींच्या जुडग्यात बोटं घातली. इंजिन बंद करायच्या बटणाची वायर लोखंडी पट्टीला घासून सोलली होती. डावीकडे वळलं की तांबं पट्टीला टेकायचं आणि ठिणगी बंद व्हायची. न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जमायचं, आणि हँडल जरा हललं, ठिणगी परत आली, की सगळं एकदम पेटायचं.

"एवढीशी वायर!" मी म्हणालो.

"एवढीशी म्हणू नकोस, कळप फोडला तिने."

चिकटपट्टी गारठून चिकटेना, म्हणून ताईने ती काखेत धरून ऊब दिली. वायरीवर ती गुंडाळली, वरून पेट्रोलच्या नळीचा तुकडा चिरून बसवला आणि सगळं लोखंडी पट्टीपासून दूर बांधून टाकलं. मग आमच्यासमोर डावीकडे गोल गोल फेऱ्या मारल्या. एक बार नाही. आस्लाक हात बांधून बघत होता. दमला तो, ताई नाही.

रात्री पारा उतरला आणि पहाटे बर्फ दगडासारखा झाला. ताई तळ्यावर उतरली. मुझेत क्षणभर अडला, कान हलवले. ताईने त्याला हलक्या आवाजात हाक मारली आणि तो पाय टाकत निघाला. कळप त्याच्यामागे ओघळत आला, शेकडो खुरांची ती टकटक आणि माद्यांचं घोगरं हुंकारणं. मधोमध बर्फात रुंद भेग होती. तिला टाळायला ताईने डावीकडे लांब वळण घेतलं. इंजिन एका सुरात गात राहिलं, आणि सगळा कळप तिच्यामागे डावीकडे वळला.

पलीकडच्या काठावर शेवटची मादी चढली तेव्हा ऊन वर आलं होतं. आस्लाकने टोपी काढून हवेत फेकली आणि ताईच्या नावाने आमचं पारंपरिक गाणं, जोइक, धरलं, इतक्या मोठ्याने की मी दचकलो. ताईचे डोळे भरून आले होते आणि ती मोठमोठ्याने हसत होती.

"भावजी, जरा हळू!" ती ओरडली. "आता तुम्ही नका कळप फोडू!"