अमिबा, पंगत आणि रेकॉर्डचं बटन

पांढुर्ण्याच्या कॉलेजात विद्वान पुष्कळ होऊन गेले, पण स्वतःचं लग्न पुसून प्राणिशास्त्र शिकवलं ते फक्त आमच्या सरांनी. सर मूळचे सौंसरचे. सासरे मोहगावचे संत्र्यांचे बागायतदार; त्यांनी हौसेनं जावयाला व्हीसीआर दिला आणि सोबत लग्नाची कॅसेट. दुसरा कोणी असता तर भाड्यानं सिनेमे आणून त्यानं गल्ली गोळा केली असती. सरांनी खडूला अश्मयुगातलं हत्यार ठरवलं आणि टीव्हीवर दुपारी कॉलेजांसाठी लागणारे कार्यक्रम टिपायचा सपाटा लावला. कोरी कॅसेट आणायला नागपूर गाठावं लागे, आणि धीर धरणं सरांच्या कुंडलीत नव्हतं. त्यामुळे लग्नाच्याच कॅसेटवरून आधी बँडवाले गेले, मग हळद गेली आणि एके दिवशी नवरदेव घोड्यावरून उतरायच्या आत तिथे अमिबा येऊन बसला.

"तीन मिनिटांच्या वर पोरांचं ध्यानच राहत नाही, म्हणून मी तुकडे दाखवून राहिलो," असं ते स्टाफरूममध्ये गंभीरपणे सांगत. खरं कारण एवढंच, की एका वेळी तीन मिनिटांच्या वर लग्न पुसायला घरून वहिनींची, म्हणजे सरांच्या बायकोची, परवानगी नव्हती. व्हीसीआर चादरीत गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधला जाई आणि सर शेजारून पायी चालत. वर्गातल्या टीव्हीवर तोच तुकडा दहादा मागेपुढे होई, आणि तो संपला की उरलेलं लग्न डोकावे. परीक्षेत एकानं लिहिलं, 'अमिबाचे दोन अमिबा होतात व त्यानंतर पंगत बसते.' सरांनी त्याला अर्धा गुण दिला. म्हणाले, "निरीक्षण बरोबर आहे त्याचं."

त्याच वर्षी वहिनींचे वडील गेले. तोवर कॅसेटवर लग्नाची शेवटची तीन मिनिटं उरली होती. त्यात पाठवणी होती, आणि मांडवाच्या खांबाला धरून खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसणारे बाबा. आणि सरांना हवं होतं बेडकाचं धडधडतं हृदय. वर्षभर ते आम्हाला त्याची आशा दाखवत होते. शेवटी तो कार्यक्रम लागणार असल्याचं कळलं. मी त्यांचा शेजारी, म्हणून अँटेना फिरवायला मला गच्चीवर चढवलं होतं. चित्र स्वच्छ झाल्यावर खाली आलो, तेव्हा सर रेकॉर्डच्या बटनावर बोट ठेवून बसले होते.

"घ्या त्याच्यावरच," वहिनी म्हणाल्या. "पोरांची परीक्षा येऊन राहिली. बाबा मले तसेही दिसतात."

पडद्यावर हृदय आलं, धडधडलं, गेलं. सरांचं बोट होतं तिथेच होतं.

"बटन अडकलं वाटते," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर सायकलशिवाय आले आणि त्यांनी खडू उचलला. फळ्यावर हृदय काढलं, बाहीनं पुसलं, आकुंचन पावलेलं काढलं, पुन्हा पुसलं, पुन्हा फुगवलं. तासभर ते हृदय असंच चाललं. सरांचा शर्ट खांद्यापर्यंत पांढरा झाला. एरवी आम्ही कशालाही हसत असू. त्या दिवशी कोणी हसलं नाही. परीक्षेत हृदयाचाच प्रश्न आला, आणि पंगत कोणाच्याही उत्तरात बसली नाही.

फळ्यावर हृदय चाललं त्याच संध्याकाळी मी काही कामानं सरांकडे गेलो, तर वहिनी एकट्याच व्हीसीआरसमोर होत्या. त्यांनी माझ्यादेखत रिकाम्या यंत्राचं रेकॉर्डचं बटन दाबून पाहिलं. ते मुकाट्यानं खाली गेलं, वर आलं. मग त्यांनी कॅसेट घातली आणि बाबा लावले. मला सरांबद्दल फार माया वाटली.

पुढे कितीतरी वर्षं कोणी तो व्हीसीआर मागायला आलं, की सरांच्या आधी वहिनीच सांगत, "नाही जी, आमच्या व्हीसीआरचं बटन अडकते."