विमानातून आमचं घर दिसतं का

राहात्याजवळच्या आमच्या वस्तीवरून (शेतातल्या घरावरून) विमान उतरायला लागलं, की माझी बायको कौसल्या डोक्यावरचा पदर पुढं ओढायची. ‘अवो, वरून लोक बघत्यात.’

मी म्हणायचो, ‘त्यांना म्हैस दिसली तरी लई झालं. तुझं डोकं कोन बघतंय?’

हे भांडण मिटायच्या आधीच पौषात ती गेली. पुढं पोरीनं हैदराबादचं तिकीट पाठवलं. म्हटलं, आता वर जाऊनच बघतो खरं कुणाचं.

निघताना कौसल्याचं हिरवं लुगडं शेजारच्या मेहबूबच्या हातात दिलं. ‘विमान आलं की आमच्या गच्चीवर उभा राहून हलीव.’

‘लोक मला येडा म्हनतील.’

‘आत्ता काय म्हनत्यात?’

विमान उडालं ते नेमकं उलट्या दिशेला. घर मागं राहिलं. जीव खट्टू झाला, म्हणून भाकरीचं फडकं सोडलं. शेंगदाण्याच्या चटणीतल्या लसणाच्या वासानं शेजारच्या बाईनं आधी तोंड फिरवलं, मग हळूच म्हणाली, ‘आजोबा, थोडी मिळंल का?’ दुसरी भाकरी मोडतोय तोच पट्टा लावायला सांगितलं. उतरतोय म्हणे!

सडकेनं हैदराबाद सहाशे किलोमीटरच्या वर. पोरीच्या बाळंतपणाला आम्ही एसटीनं गेलो, तेव्हा आख्खी रात्र अन् वर अर्धा दिवस लागला होता. कौसल्यानं वाटेत दोन मैत्रिणी जोडल्या होत्या. आता हवेतून सव्वा तास. चटणी खाणाऱ्या बाईचं गाव विचारायचंही राहिलं. अन् तिथल्या विमानतळावरून पोरीच्या घरी पोचायला त्याहून जास्त वेळ गेला.

मेहबूबचा फोन आला. ‘दिसलो का?’

‘न्हाई. उलटं गेलं.’

‘मायला, खांदे दुखायला लागले माझे!’

‘येताना परत हलीव.’

आठवडाभर नातवंडांत राहिलो, बिर्याणी खाल्ली. परतीला खिडकीजवळ एक टायवाला बसला होता.

‘खिडकी द्या मला. बायकोशी पैज लागलीय.’

‘काकू कुठं बसल्यात, काका?’

मी बोटानं वर दाखवलं. तो लगेच उठला.

विमान खाली आलं. उसाचे तुकडे, निळं शेततळं, मग आमचा बांध. कडुलिंबाखाली काळा ठिपका, ती म्हैस. गच्चीवर हिरवं काहीतरी हललं. मेहबूब! त्याचा पांढरा सदरासुद्धा दिसला.

‘दिसतंय की गं,’ मी काचेला तोंड लावून म्हणालो.

घरी पोचलो तर मेहबूब अंगणातच बसलेला. ‘आता तरी दिसलो का?’

‘पोटासकट.’

नऊ वार लुगड्याची घडी एकट्याला जमत नाही. आम्हा दोघा म्हाताऱ्यांनी टोकं धरून घातली. वाकडी झाली. तिनं बघितली असती तर परत घालायला लावली असती.

दुसऱ्या दिवशी विमानाचा आवाज आला, तेव्हा मी उघड्या अंगानं म्हशीला पाणी पाजत होतो. बादली ठेवली, आत जाऊन सदरा घातला, टोपी सारखी केली आणि मगच बाहेर येऊन वर बघितलं.